अक्काचे सात दिवस

आखाडा बाळापूर

निरोप घेताना "या एकदा आमच्या गावाकडं" असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. म्हणणारा विसरतो, ऐकणाराही विसरतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या बायकोनं, मंगलनं, बुद्धगयेच्या धर्मशाळेत श्रीलंकेच्या एका बाईला हे वाक्य ऐकवलं आणि दीड वर्षानं ती बाई निळी बॅग घेऊन आखाडा बाळापूरच्या बसथांब्यावर उतरली.

त्या धर्मशाळेत मंगलला सडकून ताप आला होता. शेजारच्या खोलीतली ही बाई आपणहून आली आणि दोन दिवस तिच्या उशाशी बसून राहिली. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात बाळंतपणाची नर्स म्हणून राबलेली, आता सत्तरीला टेकलेली, अंगावर कायम पांढरी साडी. तिचं पूर्ण नाव पासपोर्टावरसुद्धा एका ओळीत मावत नाही. आमच्या गल्लीनं पहिल्याच दिवशी तिला अक्का करून टाकलं. त्यांच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात असं निघालं, तेव्हा तिला इतका आनंद झाला की येईल-जाईल त्याच्याकडून ती ते दोन-दोनदा म्हणवून घेऊ लागली. मला ती मल्ली म्हणायची. त्यांच्याकडे धाकट्या भावाला तसं म्हणतात.

आली होती ती पंधरा दिवसांसाठी. पण अक्का रमली. आमच्याकडे ओला नारळ म्हणजे पूजेपुरता, म्हणून तिनं सुक्या खोबऱ्यात लाल मिरची, कांदा आणि लिंबू घालून त्यांच्याकडची चटणी केली आणि गल्लीतल्या बायका ती भाकरीबरोबर मागून नेऊ लागल्या. हळदीच्या वावरात गुडघ्याएवढ्या पानांतून ती अशी फिरायची की बघणाऱ्याला वाटावं, हिचाच सातबारा आहे. मराठीही ती आमच्या बायकांकडूनच शिकली, त्यामुळे तिच्या तोंडी व्हय आणि न्हाई पक्कं बसलं. इंग्रजी तिचं माझ्याइतकंच, म्हणजे अडलं तर कामापुरतं.

इथे माझ्याविषयी सांगणं भाग आहे. मी तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कागद म्हटला की मला चेव येतो. अक्का आली त्याच दिवशी, परदेशी पाहुणी घरी उतरली आहे याची पोलिसांकडे करायची नोंद मी चोवीस तासांच्या आत करून टाकली. ठाण्यातल्या जमादारांनी विचारलं, बाई भाषणंबिषणं देतात का. मी म्हटलं, साहेब, ती फारशी बोलतच नाही, ऐकते. कागदाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही, अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती.

मग आषाढी पौर्णिमा आली आणि आमच्या विहारात वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहायचं, ही जुनी चाल. त्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. त्या साली आमच्याकडे एक वयस्क भंतेजी मुक्कामाला होते. अक्कानं त्यांच्यासमोर हात जोडून सांगितलं, मी पण इथंच वर्षावास करीन. नोकरीच्या सगळ्या वर्षांत तिला तो कधी पुरा करता आला नव्हता, कारण बाळंतपणं काही पौर्णिमा बघून येत नाहीत. आयुष्यात एक तरी वर्षावास अखंड व्हावा, एवढी एकच इच्छा आता शिल्लक आहे, असं ती मंगलला म्हणाली होती. तेव्हापासून दुपारी बारानंतर ती अन्नाला शिवत नसे.

भाद्रपदात एका दुपारी मी सहज तिचा पासपोर्ट चाळला आणि व्हिसाच्या पानावर अडकलो. व्हिसा वर्षभराचा होता, कितीदाही या-जा म्हणणारा होता, पण त्यावर एक ओळ होती: एका वेळचा मुक्काम नव्वद दिवसांहून जास्त नको. वर्षावास संपायच्या पंधरा दिवस आधीच तिचे नव्वद भरत होते.

चौकशी केली तेव्हा कळलं, यात नवल काही नाही. जगभर लांब मुक्कामाला राहणारे प्रवासी हेच करतात. मुदत भरत आली की जवळची सीमा ओलांडायची, पासपोर्टावर गेल्याचा शिक्का घ्यायचा, पलीकडे एक-दोन रात्री काढायच्या आणि परत येऊन नवी मुदत सुरू करायची. काही लोक वर्षानुवर्षं असेच राहतात म्हणे. पर्यटकाच्या व्हिसाला इथल्या इथे मुदतवाढ सहसा मिळत नाही. आम्हाला जवळची सीमा नेपाळची. तुम्हाआम्हाला तिथे व्हिसा लागत नाही, पासपोर्टही नाही, मतदार ओळखपत्र पुरतं. अक्काला मात्र दोन्हीकडचे शिक्के हवेत.

पण गाव सोडलं तर वर्षावास मोडणार. अक्का दोन दिवस भंतेजींकडे खेटे घालत राहिली. शेवटी भंतेजींनी सांगितलं, खरंच निकडीचं काम असेल तर वर्षावासातही बाहेर जाता येतं, पण सात दिवसांच्या आत परत आलं पाहिजे. आठवी पहाट बाहेर उजाडली की वर्षावास मोडला. हा नियम अडीच हजार वर्षांचा आहे आणि त्यात, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, सवलत नाही.

असे दोन नियम माझ्या हाती आले, एक सरकारचा आणि एक संघाचा. मी कॅलेंडर घेऊन बसलो. दोन दिवस जायला, दोन यायला, एक दिवस अडीअडचणीचा, उरलेले सीमेपलीकडच्या लुंबिनीला. सातव्या दिवशी दिवेलागणीला विहारात. मंगल म्हणाली, "बराबर बघा बरं, अक्काचा जीव टांगला हाय त्याच्यात." मी तिला म्हटलं, तू दशम्यांचं बघ.

गोरखपूरची गाडी

सोयाबीन पिवळं पडू लागलं होतं तेव्हा आम्ही तिघं निघालो. अक्काचा तो शहाऐंशीवा दिवस. हिंगोलीहून अकोला, तिथून भुसावळ आणि भुसावळहून गोरखपूरची गाडी. गाडीतले हाल सांगत बसत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहेत.

एक मात्र सांगतो. समोरच्या बाकावर देवरियाचं एक म्हातारं जोडपं होतं. मंगलनं दुधात भिजवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, त्यांनी सत्तू भरलेल्या पुऱ्या काढल्या आणि कुणी कुणाला न विचारता वाटणी झाली. आजीबाईंनी अक्काला विचारलं, तुम्ही या दोघांच्या कोण. अक्कानं माझ्याकडे बोट दाखवून "मल्ली" म्हटलं. आजीबाईंना ते माझं नाव वाटलं आणि गोरखपूरपर्यंत त्या मला मल्लीजी म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर भाताची खाचरं सुरू झाली. मैलोन् मैल हिरवं, पाण्यात उभं. आमच्याकडे पाणी पिकाला द्यायचं असतं, इथे पीकच पाण्यात उभं. अक्का खिडकीचे गज धरून दोन तास हलली नाही. मग म्हणाली, "मल्ली, माझं गाव असंच हाय." त्या दिवसापर्यंत तिला घरची आठवण येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सोनौली

रात्र गोरखपूरला काढून तिसऱ्या दिवशी पहाटे सोनौलीची बस धरली, तीनेक तासांचा रस्ता. गाव म्हणजे एकच रस्ता. मालमोटारींची मैलभर रांग, दोन्ही बाजूंना दुकानं, लॉज, पैसे बदलून देणारे, सायकलरिक्षा, आणि शेवटी एक कमान. कमानीपलीकडे तसाच रस्ता, तशीच दुकानं, फक्त पाट्या नेपाळीत. माणसं पोती, कोंबड्या, लेकरं घेऊन इकडून तिकडे अशी जातात जशी आपण बाजाराच्या दिवशी पेठेत शिरतो. दोन देशांची सीमा इतकी साधी असू शकते हे पाहून मी अक्षरशः भारावून गेलो. भारावलेला माणूस कागद विसरतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

कमानीच्या थोडं अलीकडे आम्ही चहा घेतला. आल्याचा, मातीच्या कुल्हडात. चहा पिता पिता अक्कानं विचारलं, "मल्ली, शिक्का कुठं?" मी म्हटलं, तो पलीकडे असेल, समोर गेलं की आपोआप विचारतात. मला खरं तर काहीच माहीत नव्हतं. पण तीस वर्षं लोक मला विचारत आले आणि मी सांगत आलो, ती सवय काही निवृत्त होत नाही.

कमानीत जवानानं माझं ओळखपत्र बघितलं, मंगलचं बघितलं आणि अक्काकडे नजर गेली. सावळी बाई, पांढरी साडी, हातात पिशवी. मी म्हटलं, "दीदी है." त्यानं हात हलवला. पलीकडच्या नेपाळी शिपायानं तर आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच लुंबिनीची ई-रिक्षा उभी होती, आम्ही बसलो. इतकं सोपं झालं म्हणून मी वाटेत मंगलला दोनदा ऐकवलं की बघ, उगीच घाबरत होतीस.

लुंबिनी

लुंबिनीविषयी मी फार काही लिहिणार नाही, कारण मला ते जमणार नाही. मायादेवीच्या मंदिरात विटांचे जुने पाये आहेत, भोवती लाकडी पायवाट, आणि जिथे जन्म झाला असं मानतात तो दगड काचेखाली. बाहेर अशोकाचा स्तंभ, चौकोनी पुष्करिणी, आणि पिंपळाखाली हजारो रंगीत पताका. तिबेटी, ब्रह्मी, थाई, कोरियन लोक आपापल्या पद्धतीनं वाकत होते. आमच्या विहारात म्हणतात तीच वंदना तिथे पाच वेगवेगळ्या चालींत ऐकू येत होती. बाळापूरची चाल जरा ठोकून म्हणायची, ब्रह्मी लोकांची झोके घेत जाते. मंगल त्यांच्यात जाऊन आपल्या चालीत म्हणू लागली आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अक्का पुष्करिणीच्या काठावर बसली ती सूर्य कलेपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती. मला माझाच फार अभिमान वाटला.

संध्याकाळी मुक्कामाला गेलो. एका छोट्या अतिथिगृहाची मालकीण वहीत नावं लिहीत होती. पन्नाशीची, डोक्यावर पदर, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. आमची ओळखपत्रं झाली, मग तिनं अक्काचा पासपोर्ट घेतला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, शेवटपर्यंत गेली आणि परत पहिल्यापासून सुरू झाली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "भाईसाहब, दीदी तो कागज़ पर अभी इंडिया में ही हैं."

अक्का भारतातून गेल्याचा शिक्का नाही, नेपाळात आल्याचा नाही, नेपाळचा व्हिसा नाही. नव्वद दिवस परवा भरत होते. म्हणजे कागदोपत्री ती अजून सोनौलीतच उभी होती आणि प्रत्यक्षात परवानगीशिवाय परक्या देशात झोपायला निघाली होती. मालकीणबाईंनी सांगितलं की भारताचं इमिग्रेशन कार्यालय कमानीच्या अलीकडेच आहे, दुकानांच्या रांगेत. पाटी आहे, पण रस्ता अंगावर येतो म्हणून लोकांचं लक्ष जात नाही. खुणा सांगितल्या तेव्हा कळलं, आम्ही चहा प्यालो तो त्याच भिंतीला टेकून.

मंगलनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "तीस वर्षं दुसऱ्यायच्या कागदाला शिक्के मारले, आन घरच्या माणसाचाच राहिला." अक्का माझ्या पाठीवर हात ठेवून खोलीत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

पुन्हा सोनौली

सकाळी नऊला आम्ही सीमेवर होतो. आधी नेपाळच्या कार्यालयात गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही की ओरडला नाही. जसे आलात तसे परत जा, भारताचा शिक्का घेऊन या, मग मी रीतसर आत घेतो, असं म्हणाला. वर दंडाचं नावही काढलं नाही. त्या क्षणी मला त्याच्या आईवडिलांना भेटावंसं वाटलं.

कमान ओलांडून परत येताना मी अक्काला पढवलं. साहेबांनी विचारलं तर सांगायचं, आम्ही काल रात्री उशिरा गोरखपूरहून आलो आणि सोनौलीच्या लॉजवर झोपलो. लुंबिनीचा विषय काढायचाच नाही. खरं सांगितलं आणि त्यांनी नोंद केली तर पुढे व्हिसाच रद्द होईल, परत येऊ देणार नाहीत, मग कुठला वर्षावास. मी हे सगळं तिच्या भल्यासाठीच सांगत होतो. अक्कानं ऐकून घेतलं, व्हय म्हटलं नाही आणि न्हाईही म्हटलं नाही.

कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं, पंखा, बाहेर बाक. टेबलामागचे अधिकारी चाळिशीचे, बोलण्यात लखनवी मऊपणा, चष्मा कपाळावर ढकललेला. पासपोर्ट हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, कधी आलात. मी जुन्या सवयीनं ताठ उभा राहून हिंदीत सांगितलं की साहेब, काल रात्री उशिरा बसमधून उतरलो. मग इथेच लॉजवर झोपलो. दोन वाक्यांत दोन खोटं. साहेबांनी शिक्का उचलला.

शिक्का अजून हवेतच होता तेवढ्यात अक्कानं टेबलावर हात ठेवला. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघत ती म्हणाली, "मल्ली, काहून खोटं बोलून राहिला? आमी काल गेलो व्हतो. लुंबिनीत झोपलो. सांग सायबाला."

साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "क्या कह रही हैं?"

मला वाटेल ते भाषांतर करता आलं असतं. त्या खोलीत ते पकडणारं मंगलशिवाय कुणी नव्हतं, आणि मंगल माझ्याकडे बघत होती. अक्काही बघत होती. तिला इंग्रजीतून स्वतः सांगता आलं असतं, पण ती थांबली होती, मी सांगावं म्हणून. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड भाषांतर.

"कह रही हैं," मी म्हटलं, "कि मैंने झूठ बोला."

मग मी सगळं सांगितलं. चहा, कमान, "दीदी है", लुंबिनीची वही, सगळं. साहेबांनी शिक्का खाली ठेवला, पासपोर्ट घेऊन आतल्या खोलीत गेले आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

त्या बाकावर आम्ही दहापासून चारपर्यंत बसलो. आतून फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते. एक फ्रेंच जोडपं आलं, शिक्का घेऊन गेलं. पाठीवर गिटार घेतलेला एक इस्रायली पोरगा आला, तो चौथ्यांदा चालला होता म्हणे. एकेकाला दोन मिनिटं लागत होती. साडेअकराला मंगलनं दशमी काढून अक्कापुढे धरली. अक्का म्हणाली, बोलावतील, हात खरकटे नको. बारा वाजून गेले. म्हणजे आता उद्या सकाळपर्यंत ती काही खाणार नव्हती, आणि तेही माझ्यामुळे. मी तिला म्हटलं, अक्का, माझ्यामुळं तुझा वर्षावास मोडणार. ती म्हणाली, "उशीर झाला तर मोडंल. खोटं बोलले असते तर तिथंच मोडला असता."

दोनला साहेबांनी मला कागद दिला. झालेला प्रकार लिहून सही करा म्हणाले. मी हिंदीत लिहिलं. उभ्या हयातीत मी दुसऱ्यांसाठी असे शेकडो खुलासे लिहिले असतील: सदर चूक नजरचुकीने झाली, अनवधानाने झाली, कार्यबाहुल्यामुळे झाली. त्या कागदात यातलं काहीच आलं नाही. पाहुण्या बाईंनी शिक्का कुठे असं विचारलं होतं, मी कार्यालयात चौकशी न करता उत्तर दिलं, चूक माझी आहे, आज सकाळी खोटंही मीच बोललो, एवढंच लिहिलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, तुम्ही तर सरकारी नोकर होतात, आणि यात नजरचूक वगैरे काहीच नाही. मी म्हटलं, साहेब, नजर ठीक आहे, मी पाटीकडे बघितलंच नाही.

चार वाजता त्यांनी अक्काला आत बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली. वरिष्ठांशी बोलणं झालं आहे, मुदत अजून संपलेली नाही, बाईंनी आपणहून सांगितलं आहे, तेव्हा समज देऊन सोडतो, असं त्यांनी मला समजावलं. शिक्का उमटवण्याआधी मात्र थांबून म्हणाले, "तारीख आज की लगेगी. कल की लगा दूँ तो फिर झूठ मैं लिखूँगा."

आणि शिक्का बसला. शिक्क्याचा आवाज मी हजारो वेळा ऐकला आहे, पण त्या दिवशी माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलं नाही.

नेपाळच्या तरुण साहेबानं शब्द पाळला. श्रीलंकेच्या माणसाला त्यांच्याकडे व्हिसा तिथल्या तिथे मिळतो, दहा मिनिटांत झाला. अंधार पडायच्या आत आम्ही परत लुंबिनीत होतो. मालकीणबाईंनी वहीत अक्काचं नाव लिहिलं आणि पुढे व्हिसाचा क्रमांक असा ठसठशीत घातला की जणू तिच्याच घरचं कार्य पार पडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अक्का पुन्हा मायादेवीच्या मंदिरात गेली. पहिल्यापासून सगळं परत केलं, तेच फूल, तीच प्रदक्षिणा, तीच वंदना. मी विचारलं, परवा झालं होतं की. ती म्हणाली, परवा न विचारता आलो होतो, आज विचारून आलो. मग तिनं भात आणि डाळ पोटभर खाल्ली, वर नेपाळी मुळ्याचं लोणचं दोनदा मागून घेतलं. जेवताना तिला बघून आम्हा दोघांच्या जिवात जीव आला.

परतीच्या शिक्क्याला तेच साहेब होते. एवढ्या लगेच परत का, असं त्यांनी नियमानुसार विचारलं. मी तोंड बंद ठेवलं. अक्कानं इंग्रजी, हिंदी आणि बाळापूरची मराठी मिसळून वर्षावास, सात दिवस आणि भंतेजी असं सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "आज पाँचवाँ दिन है, जल्दी निकलिए." शिक्का मारून पासपोर्ट देताना माझ्याकडे बोट करून अक्काला म्हणाले, पुढच्या वेळी या भावाला घरीच ठेवा. अक्का मनापासून हसली. सोनौलीला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तुमच्याबरोबर परदेशी माणूस असेल तर कमानीकडे बघू नका, डाव्या-उजव्या भिंती वाचा. नियमही बदलत राहतात, तेव्हा माझ्यासारख्याला न विचारता कार्यालयात विचारा.

बाळापूर

गाडी साडेचार तास उशिरा धावली आणि भुसावळला पुढची गाडी चुकली. सातव्या दिवशी आम्ही एसटीनं अकोला, अकोल्याहून हिंगोली असे येत होतो. हिंगोलीच्या स्थानकात शिरलो तर नांदेडची बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मंगल एका काळीपिवळी जीपसमोर आडवी उभी राहिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, लेकरा, दिवेलागणीच्या आत बाळापूर गाठलं पाहिजे, मग कितीही दाटीनं बसव. अकरा माणसांत आम्ही तीन बसलो. कळमनुरीच्या पुढे सोयाबीनचे ट्रॅक्टर आडवे आले. अक्का डोळे मिटून बसली होती आणि मी दर दोन मिनिटांनी सूर्याकडे बघत होतो.

विहाराच्या पायऱ्या चढलो तेव्हा दिवे लागत होते. वाचन सुरू झालेलं नव्हतं. सतरंजीवर अख्खी गल्ली बसलेली आणि पुढच्या ओळीत अक्काची जागा रिकामी. आज कुणी तिथं बसायचं नाही असं बायकांनी सकाळीच ठरवलं होतं. भंतेजींनी वर बघितलं, अक्काला बसायची खूण केली आणि काही न विचारता त्रिसरण-पंचशील द्यायला सुरुवात केली.

मी अक्काच्या मागे बसलो. पंचशील मी लहानपणापासून म्हणत आलो आहे. लग्नात, मयतीत, जयंतीला, घड्याळाकडे बघत, खिशातला मोबाइल चाचपत, झोपेत उठवलं तरी म्हणेन. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. भंतेजींनी ते म्हटलं, सगळ्यांनी त्यांच्यामागून म्हटलं, आणि माझा आवाज फुटेना.

पुढे बसलेल्या अक्काच्या कानाला एक आवाज कमी पडला असावा. तिनं मागे वळून बघितलं नाही, फक्त हात वर केला. भंतेजी थांबले. त्यांच्याबरोबर सगळा विहार थांबला. मग त्या शांततेत मी एकट्यानं चौथं शील म्हटलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि अक्कानं हात खाली घेतला.